चौदा वर्षांनी पुन्हा मचाणावर: विस्कॉन्सिनच्या हरणांकडे परतताना

२०२३ च्या जुलैमध्ये गॅरेजमधल्या कपाटातून माझं शिकारीचं जॅकेट काढलं, तर ते नारिंगी राहिलेलंच नव्हतं. पिकलेल्या पपईसारखा काहीतरी रंग झाला होता. बायको म्हणाली, "हे घालून जंगलात जाणार? मग तुलाच हरीण समजून कोणी बार टाकेल." गंमत म्हणून म्हणाली, पण बोलणं खरं होतं. शेवटची शिकार मी २००९ साली केली होती. मधली चौदा वर्षं मुलींच्या शाळा, आईचं आजारपण, गुडघा आणि खरं सांगायचं तर आळस यांत गेली.

परतताना मला वाटत होतं की हे सगळं आपल्याला येतं. सायकल कुठे विसरतो माणूस? सायकलीचं ठीक आहे. पण या चौदा वर्षांत कायदा बदलला होता, जंगल बदललं होतं, डोळे बदलले होते आणि हरणांत एक रोग हातपाय पसरून बसला होता. नवशिका माणूस विचारून विचारून चालतो, परतणारा विचारत नाही आणि तिथेच फसतो. म्हणून हा लेख मुख्यतः आपल्यासारख्या, म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या आणि कधीकाळी शेजाऱ्याच्या, सहकाऱ्याच्या नादाने हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी. मी विस्कॉन्सिनबद्दल लिहितोय, कारण तेच मला माहीत आहे. तुमच्या राज्यातले नियम वेगळे असतील, ते तिथेच बघा.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच असावी असं माझं मत आहे. कोकणात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, तिच्या गोष्टी ऐकत मी वाढलो, पण मी स्वतः तिकडे कधी बार टाकलेला नाही. इथली गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं इथे उदंड आहेत, लांडगे बहुतेक उत्तरेच्या जंगलांपुरते उरले आहेत आणि दक्षिणेत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं मोठं काम परवानाधारक शिकारीच करतात.

जून-जुलै: आधी कागद

बंदुकीला हात लावण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. आपल्याकडे याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एरवी बंदी आहे. त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे परवाना नसताना मित्राची रायफल "जरा बघू" म्हणून हातात घेतली तरी तो केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. ग्रीनकार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग परवाना घ्या आणि मगच बंदुकीचा विचार करा. आणखी एक: तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी केंद्रीय कायद्याच्या लेखी गांजा ओढणारा आणि बंदूक हे समीकरण बेकायदेशीर आहे. दुकानातून बंदूक घेताना भराव्या लागणाऱ्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर तसा थेट प्रश्न असतो.

मग शिकारी सुरक्षा अभ्यासक्रम. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याचं प्रमाणपत्र लागतं. माझा जन्म १९६६ चा, म्हणजे मला सूट. तरी मी केला. वर्गात माझ्या शेजारी बारा वर्षांची एक मुलगी बसली होती आणि तोंडी परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. इथे चार नियमांचं एक लघुरूप शिकवतात, टॅब-के. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. हे मला पाठ होतं. पण सराव करताना मास्तरांनी दाखवून दिलं की कुंपण ओलांडताना माझी नळी प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या पायांवरून जात होती. पाठ असणं आणि हातात असणं यांत हा एवढा फरक.

जुना ग्राहक क्रमांक हरवला असेल तर काळजी नको, राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या 'गो वाइल्ड' प्रणालीत नाव-जन्मतारखेवरून खातं सापडतं. परवानाही तिथेच घ्यायचा. घेताना मादीसाठी मिळणाऱ्या परवानगीवर काउंटी आणि जमीन सरकारी की खाजगी हे निवडावं लागतं. आधी जागा ठरवा, मग बटण दाबा. मी उलट केलं आणि हातात भलत्याच काउंटीची परवानगी आली.

२००९ नंतर इथे काय काय बदललं ते आठवेल तसं सांगतो. पूर्वी पाठीवर नंबराचा कागद लावून फिरायचो, तो २०१६ पासून गेला. मारलेलं हरीण गाडीत घालून पेट्रोलपंपावर किंवा दारूच्या दुकानात नोंदवायला न्यायचो, तिथे दहा जण जमून शिंगं मोजायचे. ती जत्राही २०१५ मध्ये संपली. आता फोनवर किंवा संगणकावर, मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करायची. सोय झाली, मजा गेली. दक्षिणेतल्या कित्येक काउंट्यांत पूर्वी फक्त छर्‍याच्या बंदुकीतून एकगोळी मारायची मुभा होती. २०१३ पासून रायफल राज्यभर चालते. आधी मादी मारा, मग नर मारायची परवानगी मिळेल, हा नियम २०११ मध्ये रद्द झाला. गाडीत बंदूक पेटीत बंद ठेवण्याची सक्ती गेली, पण लांब बंदूक रिकामी असलीच पाहिजे. आणि नारिंगीच्या जोडीला चकचकीत गुलाबी रंगही आता चालतो. कमरेच्या वरचे निदान अर्धे कपडे या रंगांचे हवेत आणि टोपी घातली तर तिचाही निदान अर्धा भाग. माझं पपई-जॅकेट यात बसत नव्हतं. नवं घेतलं.

ऑगस्ट: बंदूक उघडा

दहा-पंधरा वर्षं कपाटात पडलेली रायफल थेट चांदमारीला नेऊ नका. आधी ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. माझ्या ओळखीत एकाच्या 'रिकाम्या' बंदुकीत २०११ चं काडतूस निघालं. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दट्ट्या, काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड बघा. गंज, जुन्या तेलाचा चिकटा, कधीकधी गांधीलमाशीचं मातीचं घर, काहीही असू शकतं. नळी तुंबलेली असताना बार टाकला तर नळी फाटते.

जुनं तेल वर्षानुवर्षांत गोंदासारखं घट्ट होतं, विशेषतः चापाच्या यंत्रणेत आणि बोल्टच्या आत. थंडीत ते आणखी आखडतं, मग चाप दाबला तरी बार उडत नाही, नाहीतर सेफ्टी नीट बसत नाही. मी नळी आणि बोल्ट स्वतः साफ केला, चापासाठी मात्र गावातल्या बंदूकदुरुस्तीवाल्याकडे गेलो. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने मधल्या काळात चापदुरुस्तीची सूचना काढली होती का, हेही त्याला अनुक्रमांक देऊन विचारा. काही प्रसिद्ध रायफलींच्या बाबतीत अशा सूचना निघालेल्या आहेत.

जुनी काडतुसं? पितळेवर हिरवा थर किंवा भेगा दिसल्या तर टाकूनच द्या. बाकी चांगली दिसली तरी मी नवीनच घेतली, आणि तीही तांब्याची. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही येत नाहीत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यावर वाद घालण्यासारखं काही उरत नाही. तांब्याची गोळी महाग पडते, मान्य. पण वर्षाला चार-सहा गोळ्या हरणावर, बाकी सरावाच्या.

सप्टेंबर: नेम, आणि त्याआधी चष्मा

माझी रायफल .३०-०६ ची आहे. १०० यार्डांवर पहिला बार टाकला तर गोळी कागदावरच नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीचा पकडस्क्रू ढिला झाला होता. म्हणून सुरुवात २५ यार्डांपासून करा. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवा, तीन बार टाका आणि तिन्ही छिद्रांचा मध्य बघा. बहुतेक दुर्बिणींत जुळवणीच्या खुंटीचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, म्हणजे १०० वर एक इंच सरकवायला चार क्लिक. २५ यार्डांवर तोच एक इंच सरकवायला सोळा लागतात. पुष्कळ जण हे विसरतात आणि दुर्बिणीला शिव्या घालतात. २५ वर मध्य साधला की १०० वर जा. तीन-तीन बारांनंतर नळी गार होऊ द्या. शिकारीत पहिली गोळी नेहमी गार नळीतून सुटते, म्हणून त्या पहिल्या गोळीचं छिद्र वेगळ्या रंगाने खूण करून ठेवा. काडतुसं बदलली, तर ही सगळी कसरत पहिल्यापासून. तांब्याची आणि शिशाची गोळी एकाच जागी जात नाही.

आता डोळे. पन्नाशीनंतर जवळचं धूसर होतं, आणि जुन्या बंदुकीवरची नुसती माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमखूण, धरून नेम लावणारे इथेच हरतात. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे मान वाकवून दुर्बिणीतून बघताना नेमका काचेचा चुकीचा भाग डोळ्यासमोर येतो. चष्म्याच्या डॉक्टरांना मी हाताने बंदुकीचा आविर्भाव करून दाखवला, त्यांनी फक्त लांबचा नंबर असलेला साधा चष्मा करून दिला. त्यानंतर दुर्बिणीच्या मागच्या काचेची कडी फिरवून आतली फुली काळी स्वच्छ दिसेपर्यंत जुळवली. एवढ्यानेच माझा गट, म्हणजे छिद्रांचा पसारा, चार इंचांवरून दोनवर आला. कानांसाठी इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक घ्या, बोलणं ऐकू येतं आणि बाराचा आवाज दबतो.

टेबलावरचा नेम मात्र कोणाचाच खरा नसतो. हरणाच्या मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा, जेवणाच्या कागदी पत्रावळीएवढा. तशा पत्रावळ्या लावून जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यावर, काठीचा आधार घेऊन पाच-पाच बार टाका. त्याआधी तीस पावलं पळून या, म्हणजे छाती धडधडायला लागेल, कारण हरीण समोर आलं की ती धडधडणारच. ज्या अंतरावर पाचही गोळ्या पत्रावळीत बसतात, तेच तुमचं या वर्षीचं अंतर. माझं ९० यार्ड आलं. २००९ मध्ये मी १५० वर मारत असे. वाईट वाटलं, पण ९० म्हणजे ९०.

शरीर

नेम जमला तरी हरीण ओढून आणायचं असतंच. मारलेली मादी आतडी काढूनही पन्नास-साठ किलो भरते. बर्फात, उताराला, जाड कपड्यांत, पहाटे चारला उठलेला माणूस ती ओढतो आणि त्या वेळी हृदयाची गती धावण्याच्या शर्यतीएवढी चढते. दर वर्षी इथे शिकारीच्या काळात हृदयविकाराने माणसं जातात. गोळी लागून मरणाऱ्यांची बातमी होते, यांची होत नाही. पन्नाशी उलटली असेल तर ट्रेडमिलची तपासणी करून घ्या. आपल्याकडे, म्हणजे दक्षिण आशियाई मंडळींत, हृदयविकार लवकर गाठतो, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. ऑगस्टपासून पाठीवर पाच-सात किलो घेऊन रोज चाला. आणि ओढायला मुलांची प्लॅस्टिकची घसरगाडी घ्या. पंधरा-वीस डॉलरच्या त्या वस्तूने माझी पाठ वाचवली.

ऑक्टोबर: जागा

मला शिकार शिकवणारे शेजारचे आजोबा नॉर्वेजियन वंशाचे, दूधधंदेवाले. १९९९ साली त्यांनी मला पहिल्यांदा त्यांच्या ओकच्या राईत बसवलं. ते गेले, मुलांनी शेत विकलं. परतणाऱ्या बहुतेकांची हीच कथा असते, जागा गेलेली असते.

दोन रस्ते आहेत. सरकारी जमीन भरपूर आहे. उत्तरेत चेकॅमेगन-निकोलेट राष्ट्रीय वनाचाच पसारा सुमारे १५ लाख एकरांचा, शिवाय काउंटीची जंगलं आणि करसवलतीच्या बदल्यात लोकांना खुली ठेवलेली खाजगी वनजमीन. सीमा बघायला फोनवर ऑनएक्ससारखं नकाशाचं अ‍ॅप घ्या आणि जंगलात रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे शेतकऱ्याला विचारणं. हे उन्हाळ्यातच करा. नोव्हेंबरच्या आदल्या रविवारी दार वाजवणाऱ्याला कोणी हो म्हणत नाही. मी जुलैत गेलो, गवताच्या गाठी उचलायला दोन शनिवार मदत केली, सोबत चिवड्याचा डबा नेला. परवानगी लेखी घेतली: कोण, कुठे, कधीपर्यंत.

हे काटेकोरपणे का, तेही सांगतो. २००४ च्या नोव्हेंबरात सॉयर काउंटीत दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणावर बसण्यावरून वाद पेटला आणि त्यात सहा जण मारले गेले. गोळ्या झाडणारा शिकारी ह्मोंग या आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला होता आणि पुढे कितीतरी दिवस आशियाई चेहऱ्याच्या शिकाऱ्यांकडे लोक वेगळ्या नजरेने बघत. चूक कोणाची, त्यात शिरत नाही. पण सीमा चुकलीच, तर वाद न घालता बंदूक रिकामी करून "माफ करा, निघतो" म्हणायचं आणि निघायचं. आपला हक्क असला तरीही. हक्काचं भांडण नंतर वॉर्डनकडे, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेता येतं.

जागा मिळाली की ऑक्टोबरमध्ये दोन-तीन फेऱ्या मारा, दुपारच्या, कारण तेव्हा हरणं बहुधा बसलेली असतात. झाडाच्या बुंध्याची साल शिंगांनी घासलेली दिसेल, जमीन खुरांनी उकरून वर फांदी चावलेली दिसेल, ही नराची कामं. या भागात माजाचा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे भर ओसरताना. त्यामुळे मी नराच्या खुणांपेक्षा खाण्याकडे जास्त लक्ष देतो. पांढऱ्या ओकची बोंडं पडली आहेत का? ती तांबड्या ओकच्या बोंडांपेक्षा कमी तुरट, हरणं ती आधी संपवतात. शेजारचा मका कापला का? उभा मका म्हणजे हरणांचं घरच, तो कापला की एका रात्रीत त्यांच्या वाटा बदलतात.

माझी पहिल्या वर्षीची मोठी चूक इथेच झाली. नव्या मालकाने मला त्याच जुन्या राईत बसायला परवानगी दिली आणि मी भाबडेपणाने १९९९ च्या त्याच ओकवर जाऊन बसलो. चौदा वर्षांत तिथे बकथॉर्नचं काटेरी रान माजलं होतं, हरणांची वाट दोनशे पावलं पलीकडे सरकली होती. तीन दिवस खारी मोजल्या.

गोचिडांचं विसरू नका. काळ्या पायांच्या गोचिडीचे प्रौढ कडाक्याची थंडी पडेपर्यंत फिरत असतात आणि लाइम रोग देतात. पँट-बूट परमेथ्रिन या कीटकनाशकाने फवारून वाळवा (कपड्यांवरच, अंगावर नाही आणि ओलं असताना मांजरापासून लांब). घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली बघा.

मचाण

जुनं मचाण झाडावरच असेल तर त्यावर चढू नका. उन्हापावसाने पट्टे कुजतात, झाड जाड होऊन साखळी सालीत रुतते. पट्टे सगळे नवे घ्या. पूर्ण अंगाचा हार्नेस, कमरेचा नुसता पट्टा नव्हे. जुन्याची मुदत साधारण पाच वर्षांची असते, ती त्याच्या चिठ्ठीवर छापलेली असते. मचाणाच्या वर बुंध्याला बांधून जमिनीपर्यंत जीवनदोरी सोडा, म्हणजे पहिलं पाऊल उचलल्यापासून उतरेपर्यंत तुम्ही अडकवलेले असता. माणसं बसलेली असताना फारशी पडत नाहीत, ती चढता-उतरताना पडतात. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची, पाठीला लावून चढायचं नाही.

गुडघे कुरकुरत असतील तर मचाणाचा हट्ट कशाला? जमिनीवर पडदा लावून बसा. मी आता बहुतेक तेच करतो. पडद्यावरही नारिंगी कापड दिसेल असं बांधा.

आणि वारा. तुमच्याकडून हरणाकडे वारा वाहत असेल तर बाकी सगळं फुकट. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवायची, दाबून धूर बघायचा. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी थंडावली की खाली उतरते, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची जागा एकच असू नये. आपल्या घरांची खास अडचण म्हणजे फोडणी. माझं जॅकेट ऑक्टोबरपासून गॅरेजबाहेर दोरीवर असतं. साबणही साधा, चमक आणणारा नको. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण कपडे चमकवणारी पावडर ज्या निळसर छटेत झळकते ती त्याला चांगली दिसते.

नोव्हेंबर: प्रत्यक्ष

हंगामाच्या प्रत्येक दिवसाची बार टाकायची सुरुवातीची आणि शेवटची वेळ नियमपुस्तिकेत तक्त्यात दिलेली असते. ते पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पहाटे अंधारात अर्धा तास आधी जागेवर पोचा. पहिल्या वर्षी हाक्यात सामील होऊ नका. रान उठवायला दहा माणसं, पुढे दबा धरून पाच, अनोळखी जमीन आणि पळती हरणं, हे नुकत्याच परतलेल्याचं काम नाही. एकटे बसा, घरी जागा सांगून.

शिंगांचा मोहही पहिल्या वर्षी सोडा. मादी किंवा जो पहिला चांगला बार मिळेल तो घ्या. हरीण आडवं, बाजू पूर्ण दाखवत उभं असताना किंवा किंचित पलीकडे वळलेलं असताना, पुढच्या पायाच्या अगदी मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. तिथे हृदय आणि फुप्फुसं. तोंड तुमच्याकडे असेल, झुडूप आड असेल, पळत असेल, मागे टेकडी नसून मोकळं आकाश असेल, तर बार टाकू नका.

बारानंतर लगेच उठायचं नाही. दुसरं काडतूस भरा, हरीण शेवटचं कुठे दिसलं त्या झाडाची खूण मनात पक्की करा, घड्याळ बघा आणि अर्धा तास बसा. मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण बहुधा शंभरेक यार्डांत पडलेलं मिळेल. गडद तांबडं म्हणजे काळीज (यकृत), मग निदान चार तास थांबा. हिरवट, घाण वासाचं म्हणजे पोट, आठ तास किंवा रात्रभर. घाई करून उठवलेलं जखमी हरीण मैलभर जाऊन तळमळत मरतं आणि तुम्हाला सापडतही नाही.

माझ्या चौथ्या दिवशी, जागा बदलल्यावर, सकाळी पावणेआठला साठ यार्डांवर मादी आली. बार थोडा मागे गेला. गडद रक्त. अर्ध्या तासाने पाय शिवशिवत होते, तरी थर्मासमधला चहा संपवत बारापर्यंत बसलो. १८० पावलांवर, देवदाराच्या खाली, पडल्या जागीच थंड झालेली मिळाली.

रबरी हातमोजे घाला. पोटाची कातडी दोन बोटांच्या मधून, पातं वर धरून फाडा, म्हणजे कोथळ्याला छिद्र पडत नाही. मूत्राशय आणि गुदद्वाराभोवती सावकाश कापा. छाती आणि पोट यांमधला पडदा कापून हात वर घाला, श्वासनलिका तोडा, सगळं एकदम बाहेर येतं. काळीज-हृदय हवं असेल तर पिशवीत. मग फासळ्या काठीने उघड्या ठेवा. मांस लवकरात लवकर ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सिअसच्या खाली जायला हवं. पूर्वी या दिवसांत बाहेर टांगलं की काम व्हायचं, आता नोव्हेंबरात कधी १०-१२ सेल्सिअसचे दिवसही निघतात. गाडीत बर्फाच्या दोन पिशव्या ठेवा, छातीच्या पोकळीत कोंबा.

रोग

हा विषय मी आवर्जून शेवटाकडे ठेवला, कारण वाचणारे इथे घाबरतात. सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली माउंट होरेबजवळच्या हरणांत सापडला. तो जंतूंनी होत नाही, बिघडलेल्या प्रथिनांनी, प्रिऑनांनी होतो. शिजवून ती नष्ट होत नाहीत. माणसाला हा रोग झाल्याची एकही सिद्ध घटना नाही, तरी रोगी ठरलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. सुरुवातीच्या काळात कित्येक महिने, वर्षंही हरीण अगदी धडधाकट दिसतं, त्यामुळे बघून कळत नाही.

करायचं काय? विस्कॉन्सिनमध्ये तपासणी फुकट आहे. ठिकठिकाणी नमुना टाकायच्या पेट्या ठेवलेल्या असतात, तिथे मान काही इंच ठेवून तोडलेलं डोकं पिशवीत बांधून, फॉर्म लावून टाकायचं. अहवाल साधारण दोन आठवड्यांत ऑनलाइन दिसतो. तोवर मांसाच्या पिशव्यांवर हरणाचा नोंदणी क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये वेगळ्या ठेवा, कोणाला वाटू नका. डोकं वेगळं करण्यापलीकडे मणका आणि डोकं कापू नका, हाडावरून मांस सोडवा. दुकानात कापायला दिलं तर "माझं मांस वेगळंच ठेवा" हे स्पष्ट सांगा. हाडं रानात फेकायची नाहीत, ठरवलेल्या डंपस्टरमध्ये किंवा कचराभूमीत टाकायची. बाधित काउंट्यांत चारा टाकून हरणं बोलवायलाही बंदी आहे. आणि शिंगं सूटकेसमध्ये घालून भारतात दाखवायला नेऊ नका, विमानतळावर वन्यजीव कायद्याचं प्रकरण होईल.

स्वयंपाकघर

माझ्या मादीचं हाडाविना बावीस किलो मांस निघालं. अहवाल अकराव्या दिवशी आला, रोग नाही.

हरणाची चरबी बकऱ्यासारखी नसते. टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून ती आणि वरचं चंदेरी पापुद्र्यासारखं आवरण सुरीने पूर्ण काढा. पाठीची लांब पट्टी मात्र मसाल्यात मारू नका, नुसतं मीठ-मिरी लावून तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी राहू द्या. मांडीचं मांस आलं-लसूण आणि दह्यात रात्रभर ठेवून सुक्क्याला. खिमा करणार असाल तर तो पूर्ण शिजवा, आत ७१ सेल्सिअसपर्यंत, आणि मांसात चरबी नसल्यामुळे कांदा दुप्पट घ्या. पायाचं चिवट मांस कोल्हापुरी तांबड्या रश्शासाठी सगळ्यात चांगलं. बोकडाला माझ्या कुकरमध्ये चार शिट्ट्या पुरतात, याला आठ लागल्या आणि नंतर पंधरा मिनिटं मंद आच.